रक्ताचा वारसा आणि मातीचा वारसा

घराण्याचा वारसा म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे कुलदैवताचा टाक, आडनाव, लग्नकार्यातील चालीरीती आणि ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवलेला पणजोबांच्या नोंदणीक्रमांकाचा कागद, अशा गोष्टी उभ्या राहतात. मी ज्या वारशाविषयी लिहिणार आहे तो देव्हाऱ्यात सापडत नाही, आणि ट्रंकेतही नाही. पोटात जंत शिरले असता आपले शरीर त्यांच्याशी कसे झुंजते, याचीही घराण्याघराण्यांची रीत निरनिराळी असते. सणासुदीच्या अंकात जंतांचा विषय काढणे कित्येक वाचकांना अप्रशस्त वाटेल, याची मला जाणीव आहे. तथापि या बेटावर आपल्या वाडवडिलांचा जसा घाम गळला तसे त्यांचे रक्तही आटले, आणि ते आटविण्यात या यःकश्चित प्राण्याचा वाटा लहान नव्हता. म्हणून या विषयाला आपल्या इतिहासात थोडी जागा मिळावी, असे मला मनापासून वाटते.

आमचे पणजोबा रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबई बंदरामार्गे मॉरिशसला आले. त्यांना दोन मुलगे. ब्लॅक रिव्हर जिल्ह्यातील एकाच मळ्याच्या वस्तीत, एकाच रांगेतील दोन खोल्यांत या दोन भावांचे संसार वाढले. आम्ही धाकट्या घरचे. पाणी एका नळाचे, तांदूळ एका दुकानाचे, उसाचे शेतही एकच. परंतु माझ्या लहानपणी, म्हणजे १९५० नंतरच्या दशकात, दोन्ही घरची माणसे शेजारी उभी केली असती तर परक्यालाही फरक कळला असता. आमच्या घरची माणसे काळी, काटक आणि तरतरीत. थोरल्या घरची मात्र फिकट चेहऱ्याची, पांढुरक्या ओठांची, चार पावले चढ चढली की छातीला हात लावून उभी राहणारी. त्यांच्यात कामचुकार कोणी नव्हते. पण सरदाराच्या तोंडी मात्र त्या घराचे नाव 'आळशांचे घर' असेच असे. माझी आजी जरा मायेने बोले. ती म्हणे, "आळशी नव्हेत रे ती, त्यांचं रक्तच पातळ."

या 'पातळ रक्ताची' किंमत सर्वांत अधिक कोणी मोजली असेल तर ती थोरल्या घरच्या आत्याने. आत्या दिसायला देखणी होती, तिच्या हाताला चव होती आणि गौरीच्या गाण्यांत तिच्या बरोबरीने कोणाला गाता येत नसे. दोन वेळा तिचे लग्न जमत आले आणि दोन्ही वेळा मोडले. मुलगी पाहून जाणारी मंडळी वस्तीत चौकशी करीत, आणि कोणी तरी सांगे, "त्या घराण्यात रक्त नाही, पोरंबाळं धरायची नाहीत." पुढे आत्याचे लग्न झालेच नाही. भावांची मुले तिने वाढविली. तिने कोणाविषयी कधी कटू शब्द काढला नाही. एवढेच म्हणे, "माझ्याच रक्ताचा दोष, दुसऱ्याला काय बोल लावायचा?" हे वाक्य मी आजवर विसरलो नाही. त्याचे उत्तर मिळण्यास मला अर्धे आयुष्य लागले.

उसाच्या मळ्यातील मजुराचे रक्त पिणारा जो जंत, त्याला आकडीकृमी म्हणतात. लांबी जेमतेम एक सेंटिमीटर. त्याची अंडी माणसाच्या मळातून जमिनीवर पडतात. उबदार, ओलसर, सावलीची माती मिळाली की त्यांतून अळ्या निघतात, आणि अनवाणी पायाच्या कातडीतून त्या थेट शरीरात शिरतात. तेथून रक्तावाटे फुप्फुसात, फुप्फुसातून घशात, घशातून गिळल्या जाऊन लहान आतड्यात असा त्यांचा प्रवास होतो. अळी कातडीतून शिरते हे प्रथम लक्षात आले ते कैरो येथील आर्थर लूस या शास्त्रज्ञाच्या. १८९८ मध्ये अळ्यांचे पाणी चुकून त्याच्या स्वतःच्या हातावर सांडले आणि तेथे खाज सुटली! आतड्यात पोचलेला जंत भिंतीला चिकटून रक्त पितो. त्याच्या एका जातीचा एक जंत दिवसाला एका मिलिलिटरचे सुमारे तीन शतांश एवढे रक्त घेतो. हे अगदीच क्षुल्लक वाटेल. परंतु पोटात असे पाचशे जंत असले तर रोज पंधरा मिलिलिटर रक्त जाते, आणि भात व डाळ यांवर जगणाऱ्या माणसाला तेवढे लोह पुन्हा मिळविणे अशक्य होते.

आता उसाचे शेत मनापुढे आणावे. वरून दाट पात, खाली ओल, मजुराच्या पायांत काही नाही, आणि शौचासाठी शेताखेरीज दुसरी जागा नाही. जंताला याहून सोयीचे घर कोणते मिळणार? १८३४ पासून पुढे साडेचार लाखांच्या आसपास भारतीय मजूर या बेटावर उतरले. त्यांत कोकणातून आणि देशावरून आलेले आपले मराठी पूर्वजही होते. एकोणिसाव्या शतकात येथे 'डबल कट' नावाची पद्धत होती, ती वडीलधाऱ्यांकडून अनेकांनी ऐकली असेल. मजूर एक दिवस कामावर आला नाही तर त्याची दोन दिवसांची मजुरी कापली जाई. म्हणजे आधी जंताने रक्त न्यावे, त्या अशक्तपणामुळे खाडा पडावा, आणि खाड्यापायी मळेवाल्याने दुप्पट पैसे कापावेत! १८६६ नंतर त्यात हिवतापाची भर पडली आणि त्यानेही रक्त नासले. थकलेल्या शरीराला आळस हे नाव देणे त्या काळच्या हिशेबनिसांना परवडत होते.

१९२० नंतरच्या दशकात अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने मॉरिशसमध्ये आकडीकृमीची पाहणी झाली आणि त्याविरुद्ध मोहीमही निघाली. पुढे औषधे सुधारली, वस्त्यांवर संडास आले, पायांत चपला आल्या. स्वातंत्र्यानंतर, म्हणजे १९६८ नंतर, मळ्याच्या खोल्या सोडून माणसे सिमेंटच्या घरांत राहावयास गेली. आज आपल्या नातवंडांना जंतांची गोष्ट जवळजवळ दंतकथेसारखी वाटते. परंतु जगातून ते गेलेले नाहीत. मातीतून लागणाऱ्या जंतांची बाधा आजही सुमारे दीडशे कोटी माणसांना आहे.

मी १९६९ मध्ये सरकारी नोकरीत प्रयोगशाळेचा साहाय्यक म्हणून लागलो. माझे काम साधे होते. काचपट्टीवर मळाचा ठराविक नमुना घ्यावयाचा, सूक्ष्मदर्शकाखाली त्यातील अंडी मोजावयाची आणि वहीत आकडा लिहावयाचा. या कंटाळवाण्या कामातही एक गोष्ट नजरेस येऊ लागली. शंभर माणसे तपासली तर त्यांपैकी बहुतेकांच्या नावापुढे शून्य किंवा लहान आकडा येई. आणि मूठभरांच्या नावापुढे असा आकडा येई की वाटावे, साऱ्या गावाचे जंत या चार माणसांच्या पोटी जमले आहेत. औषध देऊन त्यांची पोटे साफ केली, तरी वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा तपासणी झाली की तीच घरे वहीत परत येत. या जंतांपैकी बहुतेक माणसाच्या पोटात आपली संख्या वाढवीत नाहीत. जितके बाहेरून शिरतील तितकेच आत असतात. मग त्याच घरांत ते पुन्हा पुन्हा इतके कसे भरतात? आमचे एक वृद्ध सहकारी म्हणत, "घाणेरडी राहतात, दुसरे काय!" मला मात्र एका नळाचे पाणी पिणारी आमची दोन घरे आठवत.

जे माझ्या वहीत दिसले ते जगभर दिसत होते. १९८७ मध्ये दक्षिण भारतातील एका मच्छीमार वस्तीविषयीचे संशोधन प्रसिद्ध झाले. ज्यांच्या पोटात आधी जंत अधिक होते त्यांच्याच पोटात ते औषधानंतरही पुन्हा अधिक झाले, असे त्यात आढळले. परंतु एवढ्याने प्रश्न सुटत नाही. एका घरची माणसे एका अंगणात वावरतात, एका ताटात जेवतात. तेव्हा त्यांचे साम्य मातीचे की रक्ताचे, हे निवडावे कसे?

ही निवड ज्या ठिकाणी उत्तम रीतीने झाली ते ठिकाण नेपाळात आहे. काठमांडूच्या पूर्वेस जिरी नावाचे खोरे असून तेथे जिरेल नावाची एक लहान जमात राहते. पिढ्यान् पिढ्या आपसांत सोयरीक झाल्यामुळे तेथील माणसे एकाच प्रचंड वंशवृक्षात बसविता येतात. सारा विल्यम्स-ब्लँगेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,२६१ माणसांची तपासणी केली. औषध दिल्यानंतर कोणाच्या पोटातून किती गोलकृमी पडले, त्यांचे वजन किती भरले, अंडी किती होती, हे सर्व त्यांनी मोजले. आणि एका वर्षाने पुन्हा मोजले. खुबी वंशवृक्षात होती. लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेली बहीण आणि माहेरी राहिलेला भाऊ यांचे अंगण वेगळे, पण रक्त एक. उलट नवरा-बायकोचे अंगण एक, पण रक्त बरेच दूरचे. अशा हजारो जोड्या ताडून पाहिल्या की माती आणि रक्त यांचे वाटे निराळे करता येतात. १९९९ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला. माणसामाणसांतील जंतांच्या ओझ्यात जो फरक पडतो, त्यातील सुमारे ३० ते ५० टक्के आनुवंशिक कारणांनी पडतो. एका घरात राहण्याचा वाटा ३ ते १३ टक्केच निघतो. पुढे २००२ मध्ये त्यांनी पहिल्या व तेराव्या गुणसूत्रावर या फरकाशी निगडित जागाही दाखविल्या.

हे वाचले त्या दिवशी आमच्या आजीचे शब्द मला निराळ्या अर्थाने ऐकू आले. रक्त पातळ होण्याआधीच घडणारी काही एक गोष्ट खरोखर रक्तातून येत होती!

ती गोष्ट कोणती, हे थोडक्यात सांगतो. जंतूंचा नाश करताना शरीराच्या पेशी त्यांना गिळून टाकतात. परंतु वीतभर लांबीचा गोलकृमी गिळणार कोण? म्हणून जंतांसाठी शरीराने वेगळीच तऱ्हा योजली आहे. आतड्याच्या अस्तरातील काही पेशी जंतांची चाहूल घेतात आणि निरोप धाडतात. त्या निरोपावरून काही संरक्षक पेशी इंटरल्यूकिन नावाची संदेशद्रव्ये सोडतात. त्यांपैकी चौथे, पाचवे आणि तेरावे ही येथे महत्त्वाची. त्यांच्या योगाने आतड्यात बुळबुळीत स्राव वाढतो, आतडे जोराने आकुंचन पावते, इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींची फौज वाढते, आणि इम्युनोग्लोब्युलिन-ई नावाचे प्रतिपिंड तयार होते. थोडक्यात, जंत मारण्यापेक्षा तो धुऊन व रेटून बाहेर काढण्यावर शरीराचा भर असतो. जंतही मूर्ख नाही. तो अशी द्रव्ये सोडतो की शरीराच्या या खळबळीला गुंगी यावी. या झटापटीत कोणाचे शरीर चटकन आणि जोराने उठते, कोणाचे संथपणे. आणि हा जोर किती, हे ठरविणाऱ्या जनुकांत घराण्याघराण्यांत फरक असतो.

याची आणखी उदाहरणे पाण्यातून लागणाऱ्या शिस्टोसोमा या कृमीच्या अभ्यासात मिळाली. या कृमीची एक जात आपल्या बेटावरील ओढ्यांतही होती. बुलिनस सेर्निकस नावाच्या गोगलगायीतून ती पाण्यात उतरे आणि ओढ्यात डुंबणाऱ्या मुलांना लघवीतून रक्त जाई. ब्राझीलमधील कुटुंबांत याच कृमीच्या दुसऱ्या जातीचा अभ्यास झाला. बाधेचे प्रमाण ठरविणारी एक प्रमुख जागा पाचव्या गुणसूत्रावर आहे, असे १९९६ मध्ये आढळले. आणि वर सांगितलेल्या चौथ्या, पाचव्या व तेराव्या इंटरल्यूकिनची जनुके त्याच भागात आहेत. १९९९ मध्ये सुदानमधील कुटुंबांत निराळीच गोष्ट दिसली. कृमी किती शिरले यापेक्षा त्यामुळे यकृत किती घट्ट व निबर होते, हे सहाव्या गुणसूत्रावरील एका जागेशी निगडित होते. म्हणजे 'जंत अधिक होणारी घरे' आणि 'जंतांनी अधिक खंगणारी घरे' हे दोन निराळे वारसे असू शकतात.

येथवर वाचून आमच्या धाकट्या घरची मंडळी जर मिशीला पीळ देऊ लागली असतील, तर त्यांनी थोडे थांबावे. जोरदार प्रतिकाराला किंमत पडते. जे इम्युनोग्लोब्युलिन-ई जंतांवर उठते, तेच परागकण, धूळ आणि घरातील बारीक किडे यांवर उठले म्हणजे शिंका, अंगावर गांधी आणि दमा सुरू होतो. २००४ मध्ये चीनमधील एका अभ्यासात असे दिसले की दम्याशी संबंध असलेला एका जनुकाचा प्रकार ज्यांच्या अंगी होता, त्यांच्या पोटात गोलकृमी कमी होते. आफ्रिकेतील माली देशात तेराव्या इंटरल्यूकिनच्या जनुकाविषयी याच धर्तीचा अनुभव २००५ मध्ये आला. जंतांच्या काळात जे शस्त्र होते तेच जंत गेल्यावर घरच्याच माणसाला बोचते, असा हा प्रकार. आमच्या धाकट्या घराण्यात आज चार नातवंडे दम्याचा फवारा खिशात घेऊन शाळेत जातात. थोरल्या घरची नातवंडे फुटबॉल खेळतात. दोन घरांच्या दाखल्यावरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मला प्रयोगशाळेतील नोकरीने चांगलेच शिकविले आहे. तेव्हा हा पुरावा म्हणून मी सांगत नाही. परंतु बलवान घर कोणते आणि दुबळे कोणते, याचा निकाल काळ आणि परिस्थिती पाहून द्यावा लागतो, एवढे यावरून ध्यानात यावे.

यातूनच मला अधिक महत्त्वाची वाटणारी गोष्ट निघते. आनुवंशिकता ३० ते ५० टक्के, हा आकडा ऐकून कित्येकांच्या मनात प्रारब्धाचा विचार येतो. 'रक्तातच आहे, त्याला इलाज काय?' असे आपण सहज बोलून जातो. पण हा आकडा ज्या गावात मोजला, त्या गावातील सर्वांच्या अंगणात जंतांची माती होती. सर्वांवर सारखाच पाऊस पडत असेल, तर कोण भिजला आणि कोण कोरडा राहिला हे ज्याच्या त्याच्या छत्रीवर ठरते. पाऊसच थांबला की छत्री फाटकी की धड, हे कोणी विचारीत नाही. आपल्या बेटावर असेच घडले. आमच्या थोरल्या घराण्याची जनुके पन्नास-साठ वर्षांत बदललेली नाहीत. ती इतक्या थोड्या काळात बदलत नसतात. बदलली ती माती. संडास आला, पायांत चप्पल आली, औषधाची गोळी आली, आणि त्या घरचे 'पातळ रक्त' एका पिढीत दाट झाले.

म्हणून आत्याच्या त्या वाक्याला मी आज उत्तर देऊ शकतो. दोष रक्ताचा नव्हता. तिच्या घराण्याच्या शरीराची एक ठेवण होती, एवढेच. रत्नागिरीहून आलेल्या एखाद्या पूर्वजाकडून ती आली असेल. त्या ठेवणीचे दुःखात रूपांतर केले ते ज्या शेतात संडास नव्हता त्या शेताने, आणि ज्या मजुरीत जोडा विकत घेता येत नव्हता त्या मजुरीने. त्या शेताच्या मालकाला कोणी दोष दिला नाही. दोष मुलीच्या कपाळी लागला. आजही आपल्या समाजात सोयरीक जुळविताना 'त्यांच्या घराण्यात अमुक रोग आहे' अशी कुजबुज चालते, आणि आता तर रक्ताच्या थेंबावरून जनुके वाचून देणाऱ्या चाचण्याही निघाल्या आहेत. त्या चाचण्यांचा उपयोग माणूस जपण्यासाठी अवश्य करावा. माणूस नाकारण्यासाठी मात्र करू नये, ही माझी तरुण मंडळींना आग्रहाची विनंती आहे.

आपल्या प्राचीन वैद्यांनीही या विषयाकडे पाठ फिरविली नव्हती. चरकसंहितेत कृमींचे वीस प्रकार सांगितले आहेत आणि चिकित्सेचे तीन मार्ग दिले आहेत. पहिला अपकर्षण, म्हणजे कृमी ओढून बाहेर काढणे. दुसरा प्रकृतिविघात, म्हणजे ते ज्यावर पोसतात ती स्थितीच मोडणे. तिसरा निदानपरिवर्जन, म्हणजे ज्या कारणांनी ते होतात ती कारणे टाळणे. वावडिंग आणि पळसपापडी देणाऱ्या आपल्या आज्यांना पहिले दोन मार्ग ठाऊक होते. तिसरा मार्ग त्यांच्या हाती नव्हता, कारण शेत त्यांचे नव्हते आणि वस्तीही त्यांची नव्हती. तो आपल्या हाती आला तो स्वातंत्र्य, शिक्षण आणि सार्वजनिक आरोग्याची व्यवस्था आल्यावर. ज्यांच्या देशात तो अजून लोकांच्या हाती आलेला नाही, अशा दीडशे कोटी माणसांशी आपले नाते आपल्या पणजोबांच्या अनवाणी पायांनी जोडलेले आहे.

असो. घरोघरी वंशावळी लिहून काढण्याचा उत्साह अलीकडे आपल्या मंडळींत वाढला आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. कोण कोणत्या जहाजाने आले, कोणाचे गाव कोणते, हे लिहीत असताना घरातील वृद्धांना आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा: कोणाला धाप लागे, कोणाला दमा होता, कोणाची मुले लहानपणी गेली? उत्तरे लाज न बाळगता लिहून ठेवावीत. नातवंडांच्या डॉक्टरला ती उपयोगी पडतील. आणि ज्यांना हयातभर 'आळशी' किंवा 'रक्त नसलेले' म्हटले गेले, त्यांची बाजू निदान घरच्या वहीत तरी नोंदली जाईल.